यंगस्टाउनचा पोलाद कारखाना गावाला विकत का घेता आला नाही

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील यंगस्टाउन शहरात 'यंगस्टाउन शीट अँड ट्यूब' कंपनीने जाहीर केले की कॅम्पबेल वर्क्स या तिच्या कारखान्याचा बहुतेक भाग बंद होणार आहे. सुमारे ५,००० लोकांचे काम जाणार होते. त्या दिवसाला तिथले लोक अजूनही 'ब्लॅक मंडे' म्हणतात.

त्या काळात अमेरिकेतल्या बऱ्याच गावांतले पोलाद कारखाने बंद पडले. यंगस्टाउनकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते त्यानंतरच्या दीड वर्षासाठी. इथल्या कामगारांनी, धर्मगुरूंनी आणि साध्या संसारी माणसांनी तो कारखाना स्वतः विकत घेऊन चालवायचे ठरवले. पैसे जमवले, अहवाल करून घेतला, वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले. शेवटी ते जमले नाही. कुठे अडले आणि कोणत्या वळणावर दुसरे काही करता आले असते, हे या प्रकरणात पाहायचे आहे. सार्वजनिक पदांवर असलेल्या माणसांची नावे दिली आहेत. बाकीच्यांची टाळली आहेत.

पार्श्वभूमी

क्लीव्हलंड आणि पिट्सबर्ग या दोन मोठ्या शहरांच्या साधारण मधोमध, महोनिंग नदीच्या काठी यंगस्टाउन वसले आहे. खोऱ्यात लोहखनिज सापडले, ब्रायर हिल भागात भट्टीला थेट चालणारा दगडी कोळसा निघाला, आणि एकोणिसाव्या शतकात नदीच्या दोन्ही काठांवर भट्ट्या उभ्या राहिल्या. पुढे स्थानिक खनिज आणि कोळसा संपत गेला. सुपीरियर सरोवराकडचे खनिज जहाजाने ईरी सरोवराच्या बंदरापर्यंत आणि तिथून रेल्वेने यंगस्टाउनला येऊ लागले. सरोवराकाठच्या कारखान्याला हा शेवटचा रेल्वेचा टप्पा लागत नव्हता. ईरी सरोवरापासून ओहायो नदीपर्यंत कालवा खणायची मागणी या खोऱ्याने कित्येक दशके लावून धरली. तो कालवा कधीच झाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा येते.

शीट अँड ट्यूब कंपनी १९०० साली गावातल्याच पैशांवर उभी राहिली. तिचे एक संस्थापक जॉर्ज विक १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले. दुसरे जेम्स कॅम्पबेल, ज्यांच्या नावाने पुढे कारखानाही ओळखला गेला आणि त्याच्या दारातले गावही. त्या गावाचे आधीचे नाव ईस्ट यंगस्टाउन. १९१६ च्या जानेवारीत संपाच्या वेळी पहारेकऱ्यांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि संतापलेल्या लोकांनी तिथला बाजार जाळला. त्यानंतर कंपनीने कामगारांसाठी काँक्रीटची घरे बांधली. १९३७ च्या संपातही याच शहरात माणसे मेली. म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात प्रेमाचे संबंध होते असे मुळीच नाही. पण मालक गावातच राहत होता. त्याच्याशी भांडता येत होते, त्याच्या दारात जाता येत होते. मला हा मुद्दा या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी दिसतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना या कंपनीचे नाव आजही पाठ असते. कोरियन युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, तेव्हा यंगस्टाउन शीट अँड ट्यूबने दाद मागितली. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी राष्ट्राध्यक्षांना असा अधिकार नसल्याचा निकाल दिला.

१९३० च्या जनगणनेत यंगस्टाउनची लोकसंख्या १,७०,००२ होती. याच्या वर ती नंतर कोणत्याच जनगणनेत गेली नाही. लढाईच्या आणि त्यानंतरच्या तेजीच्या वर्षांत कारखाने जोरात चालले, पण कंपन्यांनी नवी मोठी गुंतवणूक इतरत्र केली. शीट अँड ट्यूबने ती इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या आपल्या इंडियाना हार्बरच्या कारखान्यात घातली. कॅम्पबेल आणि ब्रायर हिल या तिच्या इथल्या दोन कारखान्यांत जुन्या ओपन हार्थ भट्ट्याच राहिल्या. ओपन हार्थमध्ये पोलादाची एक हीट, म्हणजे एका वेळचा घाणा, निघायला आठ-दहा तास लागत. नव्या ऑक्सिजन भट्टीत तेच काम पाऊण तासात होई.

१९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स या जहाज कंपनीने शीट अँड ट्यूब विकत घेतली. घेणारी कंपनी घेतलेल्या कंपनीपेक्षा कितीतरी लहान होती. व्यवहार कर्जावर झाला होता आणि ते कर्ज पोलादाच्या मिळकतीतून फेडायचे होते. जो पैसा भट्ट्या बदलण्यात जायला हवा होता तो व्याजात आणि हप्त्यांत गेला. शिवाय आता ज्याच्या दारात जाऊन उभे राहावे असा मालकच गावात उरला नव्हता.

समस्या

बंदची घोषणा झाली आणि काही दिवसांतच माणसे घरी बसू लागली. आगाऊ सूचना देण्याचे कायद्याने कंपनीवर बंधन नव्हते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दुसऱ्याच दिवशी चुली विझल्या असतील. तसे झाले नाही, आणि त्याचाच पुढे अडथळा झाला. कंपनीकडून मिळणारा पूरक बेकारी भत्ता, परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्यांसाठीचा सरकारी भत्ता आणि जुन्या कामगारांना लागू झालेले निवृत्तिवेतन यांमुळे अनेक घरे वर्षभर तरली. ज्यांचे वय होते त्यांनी पेन्शन घेतले, तरुणांनी दुसरीकडे नोकऱ्या शोधल्या. गावाच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण चळवळीच्या दृष्टीने पाहिले तर ज्यांचा कारखाना वाचवायचा होता तेच हळूहळू पांगत गेले.

दुसरी अडचण वेळेची. पोलाद कारखाना कुलूप लावून ठेवता येत नाही. भट्ट्या थंड झाल्या की आतले विटांचे अस्तर खराब होते, ग्राहक दुसऱ्याकडून माल घ्यायला लागतो आणि एकदा गेलेला ग्राहक सहसा परत येत नाही. बंद पडल्यापासून दर महिन्याला कारखान्याचे मोल कमी होत जाते आणि तो पुन्हा सुरू करायचा खर्च वाढत जातो.

तिसरा प्रश्न कॅम्पबेल आणि स्ट्रदर्स या लहान गावांचा. त्यांच्या शाळा मुख्यत्वे कारखान्याच्या मालमत्ता करावर चालत होत्या.

समोर असलेले पर्याय

पहिली उडी सरकारकडे गेली. परदेशी पोलादाच्या आयातीवर मर्यादा घाला आणि प्रदूषणाचे नियम शिथिल करा, अशा मागणीवर काही दिवसांत एक लाखाहून जास्त सह्या गोळा झाल्या आणि बसगाड्या भरून माणसे वॉशिंग्टनला गेली. हातात काही पडले नाही. युनियनच्या मुख्यालयाचाही भर आयातीवरच होता. सोपे उत्तर होते आणि शत्रू दूर होता. पण जपानी पोलाद उद्या थांबले असते तरी कॅम्पबेलच्या भट्ट्या तेवढ्याच जुन्या राहिल्या असत्या.

दुसरा पर्याय नवा उद्योग आणण्याचा. चेंबर ऑफ कॉमर्स आणि राजकारणी याच्या मागे होते. तिसरा, सगळ्या कंपन्यांनी मिळून एक आधुनिक सामायिक भट्टी उभारायची. त्यात कंपन्यांनाच रस नव्हता.

चौथी कल्पना ब्रायर हिलच्या युनियन शाखेतल्या एका कामगाराने मांडली: आपणच विकत घेऊ. सुरुवातीला ती रागाच्या भरात बोलल्यासारखी वाटली. पण ब्रायर हिलची शाखा बोलून मोकळी होणारी नव्हती. तिचे अध्यक्ष एड मान हे कारखान्यात अनेक वर्षे घालवलेले आणि युनियनच्या वरच्या नेतृत्वाशीही वाद घालणारे गृहस्थ होते. त्यांच्यासोबत वकील आणि इतिहासकार स्टॉटन लिंड होते. त्यांनी कल्पना लावून धरली.

काय केले

१९७७ च्या शरदात एपिस्कोपल बिशप जॉन बर्ट आणि यंगस्टाउनचे कॅथलिक बिशप जेम्स मॅलोन यांच्या पुढाकाराने महोनिंग खोऱ्याची सर्वपंथीय आघाडी उभी राहिली. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू आणि ऑर्थोडॉक्स असे सगळे त्यात होते. या खोऱ्यात स्लोव्हाक, इटालियन, पोलिश, हंगेरियन, ग्रीक आणि दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय अशा सगळ्यांची वस्ती होती आणि प्रत्येकाचे आपले चर्च होते. सगळ्यांना एकाच वेळी हाक मारू शकेल अशी दुसरी संस्था गावात नव्हतीच. आघाडीने नोव्हेंबरमध्ये एक पत्र काढले. इतका मोठा निर्णय गावाला न विचारता घेणे हा नैतिक प्रश्न आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

मग 'सेव्ह अवर व्हॅली' नावाने बँकांमध्ये खाती उघडली गेली. लोकांनी त्यांत पैसे ठेवायचे आणि खरेदीची वेळ आली की ते गुंतवायचे. सुमारे ४० लाख डॉलर जमले. पोलादाच्या हिशोबात ही रक्कम फार लहान होती. तरी ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या किंवा जाणार होत्या त्याच घरांमधून ती आली होती. मी तिला लहान म्हणू शकत नाही.

केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने अभ्यासासाठी तीन लाखांहून जास्त डॉलर दिले. अर्थतज्ज्ञ गार आल्पेरोविट्झ यांच्या संस्थेने आराखडा केला. त्याचा गाभा असा: ओपन हार्थ काढून टाकायच्या, विद्युत भट्ट्या बसवायच्या, कारखाना कामगार आणि गाव यांच्या मालकीच्या कंपनीकडे द्यायचा.

विद्युत भट्टीच का, हे समजून घेण्यासारखे आहे. ती भंगार वितळवते. तिला खनिज लागत नाही, कोक (भाजून तयार केलेला दगडी कोळसा) लागत नाही. यंगस्टाउनची जुनी अडचण खनिज वाहून आणण्याच्या खर्चाची होती आणि भंगार तर आसपासच्या औद्योगिक शहरांत मुबलक होते. कालवा न झाल्यामुळे बसलेला फटका या भट्टीने बराच कमी केला असता. आराखडा करणाऱ्यांना धंदा कळत नव्हता, असे नंतर अनेकदा म्हटले गेले. या एका निवडीपुरते तरी ते म्हणणे टिकत नाही.

आघाडीने सरकारकडे २४ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाला हमी मागितली. १९७८ च्या शरदात, मध्यावधी निवडणुकीच्या तोंडावर, व्हाइट हाउसकडून आशा वाढवणारे शब्द आले आणि १० कोटींपर्यंतच्या हमीची गोष्ट निघाली. १९७९ च्या मार्चअखेर वाणिज्य खात्याच्या आर्थिक विकास विभागाने नकार कळवला. रक्कम फार मोठी, प्रकल्प टिकणारा नाही, असे कारण होते. पोलाद कंपन्यांचा प्रकल्पाला विरोध होता. सरकारी पैशावर आपल्यासमोर स्पर्धक उभा राहावा असे त्यांना वाटणे शक्यच नव्हते. युनियनचे मुख्यालय शेवटपर्यंत कोमट राहिले.

मधल्या काळात मालकही बदलला होता. १९७८ मध्ये लाइक्स आणि एलटीव्ही या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाला केंद्राच्या न्याय खात्याचे प्रमुख असलेल्या ॲटर्नी जनरलने, आपल्याच खात्याच्या मक्तेदारीविरोधी विभागाचे मत बाजूला सारून, मंजुरी दिली. म्हणजे गाव ज्याच्याकडून कारखाना विकत घेऊ पाहत होते तो आता देशातल्या सर्वात मोठ्या पोलाद उत्पादकांपैकी एक होता. त्याच नव्या मालकाने १९७९ च्या अखेरीस ब्रायर हिलही बंद केले.

दुसरी लढाई

२७ नोव्हेंबर १९७९ रोजी यू.एस. स्टील या दुसऱ्या पोलाद कंपनीने देशभरातले अनेक कारखाने बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यात यंगस्टाउनचे ओहायो वर्क्स आणि शेजारचे मॅकडोनल्ड वर्क्स होते. आणखी ३,५०० नोकऱ्या. इथल्या कामगारांना व्यवस्थापन वारंवार सांगत आले होते की कारखाना नफ्यात आला तर चालू राहील. त्यावर विश्वास ठेवून त्यांनी कामाच्या पद्धती बदलल्या होत्या, उत्पादन वाढवले होते.

या वेळी कामगार सभा घेऊन थांबले नाहीत. २८ जानेवारी १९८० रोजी युनियनच्या हॉलमध्ये सभा झाली. एड मान बोलायला उभे राहिले आणि आपण टेकडी उतरून कंपनीच्या कार्यालयात जाणार असल्याचे सांगितले. काहीशे लोक त्यांच्यासोबत गेले आणि त्यांनी इमारतीचा ताबा घेतला. कंपनी बोलणी करायला तयार झाली आणि त्याच संध्याकाळी लोक बाहेर पडले. तिथून उठायला नको होते, ही खंत पुढे त्यांच्यातल्या काहींनी बोलून दाखवली.

त्याच वेळी न्यायालयात दावा चालू होता. फेब्रुवारीत न्यायाधीश थॉमस लँब्रॉस यांनी कारखाना तात्पुरता चालू ठेवायला लावला आणि सुनावणीत एक विलक्षण प्रश्न उभा केला. कंपनी आणि गाव यांचे इतक्या वर्षांचे नाते असताना गावाचा त्यात काही मालमत्ता हक्क तयार होत नाही का? काही आठवडे लोकांना वाटले की कायद्यात दार उघडते आहे. मार्चमध्ये त्यांनीच दाव्याविरुद्ध निकाल दिला. असा हक्क सध्याच्या कायद्यात सापडत नाही, तो निर्माण करणे विधिमंडळाचे काम आहे, असा त्याचा आशय होता. जुलै १९८० मध्ये वरच्या न्यायालयाने तो मुद्दा कायम केला. 'नफ्यात आला तर' या आश्वासनावरही कामगार हरले. नफा मोजायचा कसा, याचे माप कंपनीचे धरले गेले.

२८ एप्रिल १९८२ रोजी ओहायो वर्क्सच्या झोतभट्ट्या (खनिजातून लोखंड काढणाऱ्या उंच भट्ट्या) सुरुंग लावून पाडण्यात आल्या.

परिणाम

खोऱ्यात काही वर्षांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, असे साधारणपणे मानले जाते. शहराची लोकसंख्या १९८० मध्ये १,१५,४३६ होती, २०२० मध्ये ६०,०६८. जिल्ह्याचे शेरीफ जेम्स ट्रॅफिकंट यांनी बेकार कामगारांच्या घरांवर जप्तीचे आदेश बजावायला नकार दिला आणि त्यासाठी ते तुरुंगात जाऊन आले. पुढे लोकांनी त्यांना अनेकदा काँग्रेसवर निवडून दिले आणि २००२ मध्ये भ्रष्टाचाराच्या शिक्षेनंतर त्यांची तिथून हकालपट्टी झाली. १९८४ मध्ये आयडोरा पार्क या जुन्या करमणूक उद्यानाला आग लागली आणि त्या हंगामानंतर ते बंद झाले.

पुढची पंधरा-वीस वर्षे शहराने 'कोणीतरी मोठा येईल' या आशेवर काढली. विमाने बनवणारी कंपनी येणार होती, ती उभीच राहिली नाही. अवांती मोटारींचा कारखाना आला आणि काही वर्षांत बंद झाला. १९९७-९८ मध्ये एक खासगी आणि एक कडक पहाऱ्याचा सरकारी असे दोन तुरुंग आले. त्यांतल्या खासगी तुरुंगातून १९९८ मध्ये सहा कैदी पळाले. ज्या शहराला पोलाद ओतणाऱ्यांचे शहर म्हणत, तिथे रोजगार म्हणून तुरुंगांचे स्वागत व्हावे, हे वाचताना आजही वाईट वाटते.

वळण थोडे सावकाश आले. १९९५ मध्ये डाउनटाउनमध्ये नव्या उद्योगांसाठी बिझनेस इनक्युबेटर सुरू झाले. २००२ पासून शहर आणि यंगस्टाउन स्टेट युनिव्हर्सिटी यांनी हजारो रहिवाशांना बोलावून आराखडा केला. 'यंगस्टाउन २०१०' या नावाने तो २००५ मध्ये स्वीकारला गेला. त्यात शहराने मान्य केले की आपण आता लहान शहर आहोत, पुन्हा मोठे होण्याच्या हिशोबाने रस्ते, नळ, घरे राखत बसायचे नाही. अमेरिकन शहराने हे लेखी कबूल करणे ही मोठी गोष्ट होती. २०१२ मध्ये त्रिमितीय छपाईवर काम करणारी 'अमेरिका मेक्स' ही राष्ट्रीय संस्था इथे आली. ही संस्था मोलाची आहे, पण तिथे काम करणाऱ्यांची संख्या पोलादाच्या एका पाळीइतकीही नाही.

पश्चिमेकडचा लॉर्ड्सटाउनचा जनरल मोटर्सचा कारखाना १९६६ पासून चालू होता, आणि पोलाद गेल्यावर अनेक घरांचा तोच आधार राहिला. जुलै २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी यंगस्टाउनच्या सभेत लोकांना घरे विकू नका, नोकऱ्या परत येत आहेत, असे सांगितले. मार्च २०१९ मध्ये लॉर्ड्सटाउनमधून शेवटची गाडी बाहेर पडली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस 'द व्हिंडिकेटर' हे गावाचे दीडशे वर्षांचे दैनिक बंद झाले. नंतर लॉर्ड्सटाउनजवळ मोटारींच्या बॅटऱ्यांचा मोठा कारखाना सुरू झाला आहे.

आणि ब्रायर हिल? तिथली जेनी नावाची झोतभट्टी संग्रहालय म्हणून जपावी यासाठी जुन्या कामगारांनी खूप धडपड केली. १९९७ मध्ये तीही पाडली. पण त्या परिसरात १९८० च्या दशकापासून एक विद्युत भट्टी चालू आहे. मालक बदलत गेले, २००२ पासून ती युरोपियन नळी-उत्पादकाकडे आहे. २०१० मध्ये त्या कंपनीने शेजारी ६५ कोटी डॉलरचा नवा नळ्यांचा कारखाना जाहीर केला, साधारण ३५० नोकऱ्यांचा. भंगार वितळवायचे, नळ्या काढायच्या. १९७८ च्या आराखड्यातली भट्टी चार-पाच मैलांवर, दुसऱ्याच्या मालकीची होऊन, आजवर पोलाद देते आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

सरकारी नकार निव्वळ दुष्टपणाचा होता, असे मी म्हणणार नाही. १९८२ मध्ये अमेरिकेचा पोलाद उद्योग निम्म्याहून कमी क्षमतेने चालत होता. कर्ज काढून नुकताच उभा राहिलेला गावकीचा कारखाना त्या वर्षी तगला असता का, याची शंका कोणाही प्रामाणिक माणसाला येईल. पण हाच प्रश्न त्याच काळात सरकारने मोटार कंपनीबद्दल वेगळ्या रीतीने सोडवला. १९७९-८० मध्ये क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली. मला वाटते फरक प्रकल्पाच्या चांगल्या-वाईटापेक्षा मागणारा कोण होता याचा होता. क्रायस्लर अनेक राज्यांत पसरली होती आणि तिच्यामागे युनियनचे राष्ट्रीय नेतृत्व पूर्ण ताकदीने उभे होते. यंगस्टाउनच्या मागे दोन बिशप आणि एका खोऱ्याची ४० लाख डॉलरची बचत होती.

म्हणून पहिली निर्णयाची जागा मला कारखान्याच्या निवडीत दिसते. आघाडीने कॅम्पबेल धरले, कारण जखम तिथे झाली होती. ते सर्वात मोठे आणि दुरुस्तीला सर्वात महाग होते. १९७८ मध्ये ब्रायर हिल अजून चालू होते, लहान होते, नळ्यांचे होते, आणि तिथली युनियन शाखा या कल्पनेची जन्मदाती होती. विद्युत भट्टीची मागणी आधी तिथे केली असती तर रक्कम सरकारी मर्यादेच्या आत बसण्याची शक्यता जास्त होती. हे आज मागे वळून बोलणे सोपे आहे, ते मी जाणतो. पाच हजार माणसांना 'तुमचा नाही, शेजारचा वाचवू' असे चर्चच्या पायरीवर उभे राहून कोणी सांगायचे?

दुसरी जागा नेतृत्वाची. चर्चने पुढाकार घेतला म्हणून पैसे, प्रतिष्ठा आणि एकी आली. पण कॅम्पबेलचे कामगार स्वतः त्यात मोठ्या संख्येने उतरले नाहीत. त्यांच्या शाखांच्या नेत्यांना आयातबंदीकडून जास्त आशा होती आणि भत्त्यांमुळे तातडी नव्हती. भत्ते संपले तेव्हा माणसे विखुरली होती. जानेवारी १९८० मध्ये टेकडी उतरणारी गर्दी जर १९७७ च्या ऑक्टोबरात लाइक्सच्या दारात असती, तर चर्चेचा सूर वेगळा असता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तिसरी जागा, सगळा भार एकाच 'हो'वर टाकणे. वॉशिंग्टनच्या हमीखेरीज दुसरी वाट आघाडीने तयार ठेवली नव्हती: राज्य सरकार नाही, मालकाशी टप्प्याटप्प्याने खरेदीचा करार नाही, मोठ्या ग्राहकाची लेखी मागणी नाही. नकार आला त्या दिवशी सगळे एकदम थांबले.

या प्रकरणातून काही कायदेशीर आणि संस्थात्मक गोष्टी मागे राहिल्या. १९८७ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात कामगार-मालकीला मदत करणारे ओहायोचे केंद्र सुरू झाले. २००५ मध्ये महापौरपदी निवडून आलेले जे विल्यम्स, 'यंगस्टाउन २०१०' चा चेहरा, २०१४ मध्ये वाणिज्य खात्याच्या त्याच आर्थिक विकास विभागाचे प्रमुख झाले ज्याने १९७९ मध्ये त्यांच्या गावाला नकार दिला होता. आणि १९८८ मध्ये केंद्रीय कायदा झाला: शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी साधारणपणे ६० दिवसांची सूचना दिली पाहिजे.

हा ६० दिवसांचा आकडा वीर्टनच्या शेजारी ठेवून पाहावा. वीर्टन हे वेस्ट व्हर्जिनियातले पोलादाचे गाव, यंगस्टाउनपासून दीड तासाच्या आत. तिथल्या मालक कंपनीने मार्च १९८२ मध्ये सांगितले की आम्ही यापुढे इथे मोठी गुंतवणूक करणार नाही, हवे तर कामगारांनी विकत घ्या. कामगारांनी पगार कपात मान्य केली, सल्लागार नेमले, मतदान घेतले आणि जानेवारी १९८४ मध्ये कारखाना त्यांच्या मालकीचा झाला. २००३ मध्ये तो दिवाळखोरीत गेला, पण मधली जवळजवळ वीस वर्षे गावाला मिळाली. त्या व्यवहाराला साधारण बावीस महिने लागले. त्या बावीस महिन्यांत कारखाना चालू होता, आणि विकणारा विकायला तयार होता. यंगस्टाउनच्या लोकांनी अठरा महिने खटपट केली ती थंड भट्ट्यांसमोर, आणि विकणारा त्यांच्याशी स्पर्धा करणारा होता.